फौजी ट्रकची खुंटी

सकाळी साडेनऊला ट्रक सुरू झाला, भरपूर ओरडला, काळा धूर सोडला आणि होता तिथेच उभा राहिला.

मालकांनी गिअर 'डी'वर टाकला. ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, आरसे थरथरले, शेजारचं कुत्रं पळून गेलं. ट्रक हलला नाही. मागच्या गिअरवर टाकला. तेच. कुत्रं मात्र परत आलं.

मालक म्हणजे खरं तर कालपरवापर्यंत एका ऑफिसात आवक-जावक बघणारा कारकून. पण शुक्रवारी नोकरी सोडताना त्याने निरोपाचं भाषण केलं. असं भाषण की साहेबांच्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. "आजपासून मी जन्मात कुणालाही साहेब म्हणणार नाही," तो म्हणाला, "आजपासून मी मालक!" बातमी त्याच्या आधी घरी पोचली. तेव्हापासून बायकोपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्याला मालकच म्हणत. आदराने कोणीच नाही.

ट्रक लिलावातला. फौजेने तीस वर्षं वापरून टाकून दिलेला, हिरवा, छातीएवढ्या चाकांचा, आणि ऑटोमॅटिक. आज बरोबर बारा वाजता खडीच्या खाणीचे शेठ ट्रक बघायला येणार होते. घराच्या मागचं आवार खोलगट होतं. तिथून फाटकापर्यंत चांगलाच चढ. शेठ म्हणाले होते, "हा चढ चढला तर वर्षभराचं काम तुमचं." आणि नाही चढला, तर सोमवारी त्याच ऑफिसात, त्याच साहेबांसमोर, तोंड पाडून उभं राहायचं. ते भाषण पाठ झालेले अकरा लोक शेजारच्या टेबलांवर.

"मामांना बोलवा," बायको म्हणाली.

बोलवायची गरज नव्हती. फौजीमामा फाटकात उभेच होते. मालकाचे सख्खे मामा. फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण फौज त्यांच्यातून निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हती. ट्रक घ्यायचा सल्ला त्यांचाच. ट्रकबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं, तेही मामांनी ताब्यात घेऊन कपाटात कुलूपबंद केलं होतं. "फौजेचं पुस्तक आहे. असं कुणीही उघडायचं नसतं."

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? फौजेची गाडी आहे. हुकूम नीट दिला नसशील."

मामा सीटवर चढले. त्यांनीही हुकूम दिला. ट्रक ओरडला, हलला नाही. मामा खाली उतरले आणि जरा वेळ चाकाकडे बघत राहिले, जणू चाकानेच शिस्त मोडली होती.

"तेल बघ," ते म्हणाले. "आधी इंजिन बंद कर. चालू गाडीचं तेल कोणी बघतं का?"

इंजिन बंद केलं. चहा झाला. तासाभराने गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढली. तेल खुणेच्या बोटभर वर.

"हेच!" मामा ओरडले. "खाऊन खाऊन सुस्त झालाय. काढ चार लिटर!"

मालकाने खाली झोपून चार लिटर तेल बादलीत काढलं. दोन लिटर बादलीच्या आधी शर्टाने घेतलं असतं, पण बायकोने वेळेवर थाळी सरकवली. ट्रक सुरू केला. आता तर तो ओरडतानाही दमल्यासारखा वाटत होता.

मग कोपऱ्यावरचा मेकॅनिक आला. हा माणूस आवाजावरून रोग ओळखतो अशी ख्याती होती. रोग कुठलाही असो, तो एकच ओळखत असे.

"क्लच प्लेट गेली," तो खाली न वाकताच म्हणाला.

"याला क्लच नाहीये," मालक म्हणाला. "ऑटोमॅटिक आहे."

"नाहीचे?" मेकॅनिकने मान हलवली. "म्हणजे पार गेली. बघा, तरी तुम्ही चालवत होता."

"अहो, कंपनीनेच दिला नव्हता."

"कंपन्या फसवतात हो."

तरी त्याने एक काम शहाण्यासारखं केलं. इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी काढली. पट्टीच्या टोकाला तेलाचा नुसता वास होता.

"तेल कोणी काढलं?"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी बादलीकडे पाहिलं. "याचं तेल गाडी चालू असतानाच बघायचं असतं," मेकॅनिक म्हणाला. "बंद केलं की सगळं खाली उतरतं, जास्त दिसतं. पंपावर पाटी वाचलीय मी."

"तेच सांगत होतो मी मघाशी," मामा म्हणाले.

तेल परत ओतायचं ठरलं. पण बादलीत दोन पानं आणि एक मुंगळा पोहत होता. गाळणी हवी होती. मालकाने स्वयंपाकघरातून आणली. तेल गाळलं, ओतलं, गाळणी नळाखाली धरली आणि जागेवर ठेवली. हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. सव्वाअकराच्या चहाला मामा म्हणाले, "सूनबाई, आज चहाला दम आहे हं."

तेल भरलं. ट्रक सुरू केला. ओरड तीच, जागा तीच.

पावणेबारा. मालकाचा चेहरा फायलीत चेपलेल्या कागदासारखा झाला होता. मनातल्या मनात तो साहेबांसाठी नवीन भाषण जुळवत होता. सुरुवात झाली होती: 'साहेब, त्या दिवशी मला ताप होता...'

"धक्का मारू या," मेकॅनिक म्हणाला.

"सात टनाला?"

"मग मला सुट्टी द्या. डबा घरी राहिलाय माझा, पोटात कावळे ओरडतायत."

"आमचा आहे की," मालकाची बायको म्हणाली. "दिवसभराचा भरलाय. चार पुडाचा डबा, थर्मास, पाण्याच्या दोन बाटल्या. पिशवी ट्रकमध्ये, मामांनी दाखवलेल्या खुंटीला अडकवलीय. आणते."

मामा तेवढ्यात पुन्हा सीटवर चढले होते. शेवटचा प्रयत्न. गिअर 'डी'वर, इंजिन चालू, आणि मामांचा उजवा पाय आणीबाणी लागल्यासारखा ॲक्सिलरेटरवर. बायको दुसऱ्या बाजूने पायरीवर चढली आणि पिशवी उचलायला गेली. पिशवीचा बंद खुंटीत अडकला. तिने हिसका दिला. निघेना. तिने दात-ओठ खाऊन खाली ओढला.

कर्रर्रर्र!

असा आवाज झाला की मेकॅनिकने कानांवर हात ठेवले. त्याच्या आयुष्यातला पहिला आवाज, ज्याचा रोग त्याला ओळखता आला नाही. पुढच्या क्षणी सात टनांचा ट्रक चाकाखालच्या विटांचा भुगा करून चढाकडे झेपावला.

"अरेऽऽऽ थांऽऽऽब!" मामांनी हुकूम सोडला. ट्रकने तो मानला नाही. बायको एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने पिशवी धरून पायरीवर उभी. मामांचा डावा पाय क्लच शोधत होता. जन्मात नसलेला क्लच! शोधता शोधता पायाला मोठं काहीतरी लागलं. त्यांनी क्लच समजून ते जीव खाऊन दाबलं. तो ब्रेक होता.

ट्रक फाटकात थांबला. समोर चार बोटांवर खडीवाल्या शेठचं पोट होतं. बारा वाजले होते.

शेठ जागचे हलले नाहीत. हलायला सुचलंच नव्हतं.

"वा!" ते म्हणाले. "काय चढतो! आणि काय कंट्रोल! चार बोटांवर थांबवला. कोण हो हे?"

"माझे मामा," मालक धापा टाकत वर आला. "फौजेत होते."

"वाटलंच. काम तुमचं. पण एक अट. चालवायला हेच. दुसरा कोणी दिसला तर काम बंद."

शेठ गेले. मेकॅनिक म्हणाला, "तेल मुरायला वेळ लागतो," आणि डबा उघडून बसला. मामा मात्र खाली उतरेनात.

"मामा, सुटलो की!"

"इकडे ये," मामांनी कधी नव्हे ते हळू आवाजात हाक मारली. "मी फौजेत बँडमध्ये होतो रे. ट्रम्पेट वाजवायचो. ट्रकमध्ये मागे बसायचो, ढोलाशेजारी."

मालकाने आतल्या खुंटीकडे बोट दाखवलं. "आणि ती खुंटी? फौजेत प्रत्येक गाडीत पिशवीला खुंटी असते म्हणालात ना?"

"आम्ही अडकवायचो काहीतरी कशाला तरी."

"सकाळी ती खालच्या बाजूला वाकली होती," बायको म्हणाली. "पिशवी घसरत होती. म्हणून मी जोर लावून सरळ केली."

कपाटाचं कुलूप उघडलं. पुस्तकाच्या तिसऱ्याच पानावर खुंटीचं चित्र होतं. ती खुंटी म्हणजे गिअरचा आणखी एक दांडा होता. खाली ढकलला की चाकांना जोर जातो, मध्ये सरळ ठेवला की चाकं इंजिनाचं ऐकत नाहीत. आणि चालू इंजिनात तो कधीही ओढू नये, असं जाड अक्षरात लिहिलेलं होतं.

मामा दोन दिवसांत ट्रक शिकले. शिकायला काय होतं? एक दाबलं की जातो, एक दाबलं की थांबतो. पहिले दोन दिवस ते गरीब गाईसारखे होते. तिसऱ्या दिवशी शेठने खाणीवर सगळ्यांसमोर त्यांना 'कॅप्टन' म्हटलं, आणि आवाज परत आला.

"काच पूस. आरसा नीट कर. आणि हे बघ, मामा घरी. ड्युटीवर साहेब म्हणायचं."

"हो," मालक म्हणाला.

"हो काय?"

"हो, साहेब."

ट्रक रोज सकाळी ऑफिसवरूनच जातो. मामा उजवीकडे, ताठ. डावीकडे मालक. पिशवी आता खुंटीला लावत नाहीत. चार पुडाचा डबा, थर्मास आणि दोन बाटल्या तो दिवसभर मांडीवर धरून बसतो.