शब्बीरभाईंचं विरजण

रोज सकाळी आठच्या ठोक्याला शब्बीरभाई गटाराच्या पाण्याची विचारपूस करतात. हौदाच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून वाकतात आणि अगदी घरच्यासारखं विचारतात, "काय म्हणता? जेवले का?" मग छाती भरून श्वास घेतात. ज्या जागी सगळं जग नाकाला रुमाल लावतं तिथे असा श्वास घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. नोकरीचा तो माझा पहिला दिवस होता आणि मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला होता.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना एक मोठं वसतिगृह लागतं. त्याच्या मागे, सागाच्या झाडांआड, वसतिगृहाचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. तिथल्या एका खोलीच्या प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ आहे. म्हणजे बाटलीत पाणी भरायचं, नळीत थेंब टाकायचे आणि रंग बघून रजिस्टरात लिहायचं. केंद्र चालवतात ते शब्बीरभाई. हे मूळचे मोटारपंप दुरुस्त करणारे. इथला पंप बसवायला आले, पाण्यातल्या जंतूंवर त्यांचा जीव जडला आणि इथेच राहिले.

'जंतू' हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. मी एकदा काढला तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "जंतू जखमेत असते, मॅडम. हे आपले कामावरचे लोक हायत."

नायट्रोजनचं चक्र मी कॉलेजात घोकून चांगले मार्क मिळवले होते. कळलं मात्र शब्बीरभाईंमुळे. मोऱ्या-संडासांच्या पाण्यात अमोनिया असतो. तो तसाच नाल्यात गेला तर खालच्या तळ्यातले मासे तडफडून मरतात. म्हणून एका हौदात तळातून हवेचे बुडबुडे सोडायचे. तिथली मंडळी हवेवर जगतात आणि अमोनियाचं नायट्रेट करतात. दुसऱ्या हौदात हवा बंद. तिथल्या मंडळींना श्वासाला काही मिळत नाही, म्हणून ती नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. उरतो नायट्रोजन. तो बुडबुडा होऊन वर येतो, फुटतो आणि हवेत मिसळून जातो. आपल्या श्वासातल्या हवेतही जास्त करून तोच असतो, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. मी तासन्‌तास ते बुडबुडे बघत बसायचे. एवढं मोठं काम आणि आवाज एवढुसा.

शब्बीरभाई हेच दोन वाक्यांत सांगायचे. "याइले हवा पायजे, त्याइले हवा चालत नाही. दोघंही एकाच घरात नांदवाचे हायत."

त्यांनी कधी सुट्टी घेतलेली मला आठवत नाही. ईदच्या दिवशीसुद्धा नमाज झाली की नव्या कुडत्यात थेट हौदावर. मी विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळायचं, "जिंदा चीज हाय, मॅडम. तिले सुट्टी समजत नाही."

पण मला खरं कुतूहल होतं ते त्यांच्या डब्याचं. रोज स्टीलच्या कडीच्या डब्यात ते दही आणायचे. घट्ट, वरून पिवळसर साय आलेलं. अर्धं मला, अर्धं चौकीदार भीमरावला. स्वतः बोट लावायचे नाहीत. पित्त होतं का, डॉक्टरने नको म्हटलंय का, सगळं विचारून झालं. "नाही, बस," एवढं म्हणून ते पंपाचा विषय काढायचे. जो माणूस दही खात नाही तो रोज दही लावतो कशाला, हे कोडं मला नायट्रोजनपेक्षा अवघड वाटायला लागलं.

मग वसतिगृहात कोणी मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. अधीक्षकांनी स्वच्छतेची अशी काही हौस भागवून घेतली की विचारू नका. प्रत्येक मोरीत फिनेल, प्रत्येक संडासात ॲसिड, नाल्यांत ब्लीचिंग पावडरची पोतीच्या पोती. साहेब आले, खुश होऊन गेले. ते सगळं विष मात्र वाहत आमच्या हौदात आलं.

दोन दिवसांनी माझ्या नळीत अमोनियाचा रंग फिक्कट पिवळा यायचा तो गडद तपकिरी आला. मी नळी घेऊन धावत गेले. शब्बीरभाईंनी ती पाहिलीच नाही. ते कठड्यावर वाकून उभे होते. चांगल्या हौदाला ओल्या मातीचा वास येतो; त्या दिवशी नुसता दर्प येत होता. त्या दिवशी त्यांनी जेवले का असं विचारलं नाही.

अमोनिया खाणारी मंडळी फार नाजूक, आणि वाढतातही फार सावकाश. वाट पाहत बसलो असतो तर तळं गेलं असतं. उपाय एकच होता, दुसऱ्या चालू केंद्रातला जिवंत गाळ आणून इथे सोडायचा. शब्बीरभाई त्याला विरजण म्हणतात. पांढरकवड्याजवळच्या एका निवासी शाळेचं केंद्र आमच्याच टँकरभर गाळावर सुरू झालं होतं. "आपलंच हाय तिथं," ते म्हणाले. तिथे राहून गाळ खाली बसू द्यायचा, घट्ट झालेला टँकरात भरायचा, यात तीन दिवस जाणार होते.

निघताना त्यांनी तो डबा माझ्या हातात ठेवला. आत तळाला थोडं दही होतं. "रोज थोडं दूध कोमट करून यातलं लावा. यातलंच, बरं का. मरू देऊ नका, मॅडम. तुमी शिकलेल्या हा, म्हून तुमच्याजवळ देऊन राह्यलो." त्यांचा हात डब्यावरून लवकर निघाला नाही.

पहिले दोन दिवस मी इमानदारीने लावलं. तिसऱ्या दिवशी मी कामावर होते, तेव्हा सासूबाईंनी फ्रिजजवळ ठेवलेलं दही पाहिलं आणि सगळ्याची कढी केली. डबाही घासून पालथा घातला. मला वाईट वाटलं, पण फार नाही. दही ते दही. मी दुकानातून पिशवीतलं दही आणलं, डब्यात ओतलं आणि वर साळसूद चेहरा लावला.

टँकर आला. तपकिरी गाळ हौदात पडला, हवा सुरू झाली. धुळीने माखलेले शब्बीरभाई आधी माझ्याकडे आले. डब्याची कडी काढली, डबा नाकाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"हे ते नाही."

मी सगळं सांगितलं. कढीपर्यंत. ते पायरीवर बसले. मग हळूहळू बोलले. विरजण त्यांच्या बायकोचं, जुबेदाचं. फुलसावंगीच्या माहेरून लग्नात वाटीत घेऊन आलेली. शेवटच्या आजारपणात खाटेवरून तिने त्यांना दही लावायला शिकवलं. दूध किती कोमट हे बोट बुडवून दाखवलं. तिच्यामागे एक दिवसही त्यांनी खंड पडू दिला नव्हता.

"एकट्याच्या गळ्याखाली उतरत नाही," ते म्हणाले. "म्हून तुमाले देत होतो." मग माझा चेहरा बघून त्यांनीच समजूत घातली. "जाऊ द्या, मॅडम. कढी चांगली झालती का?"

त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तिथेच रडू आलं. समोर टँकरचा पाइप अजून ठिबकत होता. आपलंच हाय तिथं, म्हणाले होते. मी डोळे पुसले आणि फाटकाशी बसलेल्या भीमरावला विचारलं, घरी दही कुठून आणता?

"आणाचं काय त्यात?" भीमराव म्हणाला. "शब्बीरभाईच्या डब्यातलंच चमचाभर बायको ठेवते, त्याचंच लावते. दोन वर्सं होऊन राह्यले."

सायकल काढून तो वीस मिनिटांत परत आला. हातात फडक्यात बांधलेलं मडकं. शब्बीरभाईंनी फडकं सोडलं, वास घेतला आणि डोळे मिटले. मग भीमरावकडून चमचा मागून त्यांनी आधी आपल्या डब्यात दही काढलं, कडी लावली, दोनदा हलवून पाहिली. मडकं आमच्या तिघांच्या मध्ये ठेवलं.

"जेवले का?" त्यांनी विचारलं. मी हौदाकडे पाहिलं. पण ते आम्हाला विचारत होते.

आम्ही डबे उघडले. शब्बीरभाईंनी पोळीचा तुकडा दह्यात बुडवला, तोंडात घातला आणि किती तरी वेळ चावत राहिले.

"तिचं याहून गोड राहे," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा घास घेतला.