हजार वॉटच्या वरचं यंत्र

"नापास," परीक्षक म्हणाला आणि त्यानं बटण असं बंद केलं, जणू यंत्राचा कानच पिळला.

यंत्र होतं बेकरीत कणीक मळायचं. वहिनीनं बनवलेलं, चांगली नोकरी सोडून. बेकऱ्यांच्या एका मालकानं पहिली मोठी ऑर्डर कबूल केली होती, पण चाचणीत पास झाल्याचा दाखला दाखवल्यावरच. दाखला नाही तर वर्कशॉपला कुलूप, आणि वहिनी पुन्हा जुन्या नोकरीतल्या खडूस साहेबापुढे हजर.

"मस्त मळतंय की! नापास कशात?" वहिनी तडकली.

"मळतंय. पण वीज एका लयीत ओढत नाही, हिसके मारतं. लाइन खराब होते, शेजारच्या यंत्रांना त्रास. याला हार्मोनिक म्हणतात. किती चालेल याची मर्यादा ठरलेली आहे."

वर्कशॉपवर परतल्यावर तिच्या हाताखाली काम करणारा दीर नियमांचं पुस्तक घेऊन बसला. एकेक ओळ तीनदा वाचायचा, डोकं खाजवायचा, परत वाचायचा. अचानक तो स्टुलावरून उडालाच.

"वहिनी, सापडलं! यंत्र व्यावसायिक असेल, म्हणजे सर्वसामान्य लोकांना विकायचं नसेल, आणि वर हजार वॉटपेक्षा जास्त खात असेल, तर आपल्याला ही मर्यादाच लागत नाही!"

"आपलं किती खातं?"

"नऊशे साठ."

"म्हणजे पोरगं कमी जेवतं म्हणून नापास?"

"नियम आहे. मी नाही लिहिला."

वहिनीनं बाह्या वर सारल्या. "मग वाढा त्याला."

त्यांनी भांड्याखाली हीटर बसवला. वॉट वाढले, पण यीस्टला ऊब मिळाली आणि कणीक मळता मळताच फुगली. झाकण उचलून बाहेर आली, टेबलावर उतरली आणि दिराच्या शर्टावर चढली.

"वहिनी, ही मला सोडत नाहीये!"

"हलू नका, मी मोठं भांडं आणते."

मोठं भांडं बसवलं तर मोटर कण्हायला लागली. मोठी मोटर टाकली तर टेबलाचे पाय फाकले. लोखंडी चौकट केली, तर सगळा डोलारा दारातच अडकला.

"आता हीटर काढला तरी हजाराच्या वर जातंय," दीर भीत भीत म्हणाला.

"हात लावाल तर बघा, भावोजी. पाना द्या." वहिनीनं बिजागऱ्या खोलून दारच काढलं.

यंत्र पुन्हा परीक्षकासमोर आलं. चौघांनी उचलून ठेवलं. त्यानं वॉट मोजले, मान हलवली. "विकणार कुणाला?"

"फक्त बेकऱ्यांना," वहिनी म्हणाली.

त्यानं शिक्का शाईत बुडवला. तेवढ्यात त्याचं लक्ष भांड्यात गेलं. त्यानं बोटानं कणीक दाबून बघितली. चेहराच मऊ झाला त्याचा. "काय मळलंय हो! आमच्या हिचे हात फार दुखतात. घरी एखादं..."

"साहेब, तुम्हाला नाही म्हणणार का?" दिराला राहवलंच नाही. "उद्याच घरपोच!"

शिक्का हवेतच थांबला.

"म्हणजे घरोघरी विकता?" परीक्षकाचा आवाज एकदम सरकारी झाला. "मग हे व्यावसायिक कसलं?"

वहिनीनं दिराकडे बघितलंही नाही.

"साहेब, हे आमच्याकडे कामाला नाहीत."

"कधीपासून?"

"आत्तापासून. आणि घरगुती गिऱ्हाइकाला आम्ही यंत्र देत नाही. तुम्हालाही नाही. दुप्पट पैसे दिलेत तरी नाही."

मग शिक्का धाडकन उमटला.

दीर दाखला उचलून आधीच बाहेर सटकला. "भावोजी," वहिनी मागून ओरडली, "उद्या सकाळी वेळेवर या. दार बसवायचंय!"

ती निघाली, तरी परीक्षक भांड्यापाशीच उभा होता. त्यानं इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "बाई, बेकरी काढायला साधारण काय काय लागतं हो?"