एका वाक्यात उत्तर द्या

पाटणकर सरांना कुठलंही उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ‘चहा घेणार का?’ एवढं विचारलं, तरी चहा चीनमधून इंग्रजांकडे कसा गेला आणि बॉस्टनच्या लोकांनी तो समुद्रात का फेकला, हे ऐकावं लागतं. तोवर आपल्या हातातला कप गार होतो. मग सर म्हणतात, ‘अर्धाच दे.’

अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्या शेजारी ते मुलीकडे, मंजिरीकडे राहतात. सांगलीच्या शाळेत तेहतीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला. इथे वयस्कर माणूस दिसला की आपण सरसकट काका म्हणतो. मीही म्हणालो होतो. ‘काकांना कुणी घाबरत नाही,’ असं म्हणून त्यांनी ते तिथेच थांबवलं.

मी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसायला लागलो की सर मफलर गुंडाळून हजर. युरोपियन येण्याआधी याच जमिनीवर ओडावा आणि पोटावाटोमी लोक कसे राहत, मक्याशेजारी घेवडा का लावत, हे मला फावडं धरून उभं राहून ऐकावं लागतं. ‘आता मुद्दा क्रमांक दोन,’ असं ते म्हणाले की मी समजतो, आज ऑफिसला उशीर.

अशा माणसाने चौऱ्याहत्तराव्या वर्षी अमेरिकेचं नागरिक व्हायचं ठरवलं. त्यासाठी तोंडी परीक्षा असते. दहातली सहा उत्तरं बरोबर आली की पास. प्रश्नोत्तरांची पुस्तिका आधीच मिळते. सरांनी ती पाठ करायची सोडून लाल पेनाने तपासली.

पहिल्या वेळी व्हायचं तेच झालं. युरोपियन येण्याआधी अमेरिकेत कोण राहत होतं, असं ऑफिसरबाईंनी विचारलं. सर म्हणाले, ‘होतं? ते लोक अजून इथेच राहतात. आधी प्रश्न दुरुस्त करा.’ वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध लढा का दिला, याचं एक कारण मागितलं, तर एकच कारण सांगणाऱ्याला मी आयुष्यात पास केलेलं नाही, असं त्यांनाच ऐकवलं. पाच उत्तरं बरोबर. नापास.

मंजिरी रडकुंडीला आली. दोन महिन्यांनी आणखी एक संधी होती आणि तीही गेली तर सगळं पहिल्यापासून. पेपरच चुकीचा काढलाय, एवढंच सर म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लाकडी पट्टी घेऊन माझ्या दारात उभे. मी रोज त्यांची तोंडी परीक्षा घ्यायची आणि एका वाक्याच्या पुढे गेले की टेबलावर पट्टी आपटायची. पहिल्या आठवड्यात पट्टी मोडली. ते नवी घेऊन आले.

एका सकाळी मधेच त्यांचा फोन वाजला. सांगलीहून अक्का, त्यांची मोठी बहीण. नव्वदीची, आता दिसत नाही. लोकांचे ब्लाउज शिवून तिने सरांना मास्तर केलं होतं. सर तिला रोज फोनवर अमेरिकेचा इतिहास सांगत, अगदी मूळ रहिवाशांपासून. एवढा चहा समुद्रात ओतला म्हणून ती दोन दिवस धुसफुसत होती. आता गोष्ट लढाईपर्यंत आली होती.

“पुढं काय झालं रे?” तिने विचारलं.

“पुढचं तुझ्यासमोर बसून सांगणार, अक्का. फोनवर नाही.”

फोन ठेवून सर माझ्याकडे वळले. “वर्षाहून जास्त तिकडे राहिलो तर ग्रीन कार्ड धोक्यात येतं. तिच्याजवळ किती राहावं लागेल, कुणाला ठाऊक? आणि इथे मंजिरी एकटी आहे.”

मुद्दा क्रमांक दोन नव्हता. मी उगाच पुस्तिकेची पानं उलटत राहिलो.

दुसऱ्या परीक्षेला मीच त्यांना ड्राइव्ह करून डेट्रॉइटला नेलं. वीस मिनिटांत सर बाहेर आले. पास. पण चेहरा नापास झाल्यासारखा.

“काय विचारलं?”

“तोच प्रश्न. आधी कोण राहत होतं.”

“मग?”

“नेटिव्ह अमेरिकन्स, म्हणालो आणि गप्प बसलो.” त्यांनी सीटबेल्ट लावला. “एवढी माणसं दोन शब्दांत उरकली रे मी.”

मग घरी येईपर्यंत ते एकेका जमातीचं नाव घेत राहिले. कोण कुठल्या नदीकाठी, कुणाला कुठे हाकललं. मी रेडिओ लावला नाही. एक्झिट चुकली, तरी त्यांना थांबवलं नाही.

शपथ झाली, पासपोर्ट आला. मग सांगलीला जायला व्हिसा लागतो हे कळलं, आणि त्या फॉर्मवरही सरांनी लाल पेन चालवलं. अखेर व्हिसा हातात पडला. निघायच्या दिवशी एअरपोर्टच्या वाटेवर अक्काचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर टाकला.

“लई दिवस झाले गोष्ट अडकलीय,” ती म्हणाली. आवाज पहिल्यापेक्षा बारीक झाला होता. “शेवटी जिंकलं कोण, तेवढं तरी सांग.”

पट्टीची सवय म्हणून माझा हात स्टिअरिंगवर आपटायला उचलला गेला. मी तो खाली घेतला.

“एका वाक्यात नाही सांगता येत, अक्का,” सर म्हणाले. “जागी राहा. येतोय.”