द्वारकाआत्याचे वाचलेले फणस

एका जंगलात द्वारकाआत्या नावाची सायाळ राहत होती. मुलांनो, सायाळीच्या अंगभर काटे असतात, त्यामुळे तिला प्रवासात ऐसपैस जागा लागते. ती तिच्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त लागते.

तिचा भाऊ सातासमुद्रापार स्थायिक झाला होता. त्याला मुलगी झाली. त्याने निरोप धाडला, "बारशाला ये. नाव आत्यानेच ठेवायचं असतं." आत्याने लगेच नाव ठरवलं, शेवंती.

तिकडे करकोचा जाई. त्याच्या पाठीवर पिसांची गादी होती, पाय पसरून झोपता येई. बाकीचे त्याच्या पायांना लोंबकळत जात. गादीचं भाडं ऐंशी फणस.

"थेट कशाला जाता?" पोपट म्हणाला. तो स्वतः कुठे गेला नव्हता, पण प्रवासाचा सल्ला देई. "पलीकडच्या तळ्यावरून तोच करकोचा चाळिसात नेतो. तळ्यापर्यंत बगळा पकडा, दोन फणस."

अडतीस फणस वाचले. आत्याने साऱ्या जंगलाला सांगितलं.

वाटेत बगळ्याला मासा दिसला. मग तो एका पायावर किती वेळ उभा राहिला, ते विचारू नका. आत्या तळ्यावर पोहोचली तेव्हा करकोचा ढगात ठिपक्याएवढा दिसत होता.

"बगळ्यामुळे उशीर झाला," ती तळ्यावर करकोच्याची तिकिटं देणाऱ्या पाणकोंबडीला म्हणाली.

"बगळा आमचा नाही, बाई. ही दोन तिकिटं जोडली कुणी?"

"मीच."

"मग करकोच्याने काय करायचं?"

शेवटी एक गिधाड तयार झालं. पंजात धरून, सत्तर फणस. हिशोब करू नका, आत्यानेही केला नाही.

ती तिसऱ्या दिवशी पोहोचली.

"मुहूर्त टळत होता गं," भाऊ म्हणाला. "शेजारच्या अस्वलीणबाईंना आत्या म्हणून बसवलं. त्या बाळाच्या कानात गुरगुरल्या."

पाळण्यात गुर्र झोपली होती. आत्याला रडू आलं. खरंच आलं, त्यात हसण्यासारखं काही नाही.

आत्या परतली तेव्हा सारं जंगल जमलं. भाची कशी आहे, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, "कितीत पडलं?"

आत्याने डोळे पुसले. "जाताना तळ्यावरून अडतीस वाचवले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोपटापुढे रांग लागली.

तात्पर्य: भाचीचं बारसं एकदाच होतं. वाचवलेल्या फणसांची गोष्ट मात्र जन्मभर सांगता येते.