शेवटचा आकडा

अख्तरीबींच्या घरात एक बरणी दुसरीसारखी नव्हती. कुणी कमरेत बारीक, कुणी पोटाशी फुगलेली, एक तर मानेतच वाकडी. शेजारच्या निशानं गल्लीभर फिरून जमवलेल्या. लिंबाचं लोणचं सगळ्यांच्या पोटात निमूट बसलं. लेबल मात्र बसेना.

लेबलं लेकीनं, मंतशानं, पुण्याहून छापून पाठवली होती. वर नाव, मधे पत्ता, खाली फोन नंबर. "अम्मी, आता बघ, फोन खाली ठेवायला वेळ मिळणार नाही तुला." अख्तरीबींच्या मनात लोणच्याआधी हे वाक्यच मुरलं. नवरा, कमरोद्दीनमियां, गेल्यापासून त्या घरात कुकर तेवढा बोलायचा.

पण फुगीर पोटावर लेबलाचं उजवं टोक सुरकुतायचं. ओल्या फडक्यानं दाबलं, वाटीनं घासलं; सुरकुती जागच्या जागी.

"खाला, टोक कापून टाका," निशा म्हणाली.

"अगं, टोकाला नंबरचा शेवटचा आकडा हाय ना!"

"मग तो पेननं लिहा."

अख्तरीबींनी चाळीस टोकं कापली आणि चाळीस वेळा सुबक नऊ काढला.

बरण्या क्रांती चौकातल्या दुकानात गेल्या, आठवड्यात संपल्याही. फोन मात्र गप्प. बिघडला की काय म्हणून त्या निशाला मिस कॉल द्यायला लावत. तेवढा वाजे.

नवव्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात नावं खरडलेलं कॅलेंडरचं फाटकं पान.

"लोणच्यावाल्या तुमीच का? मी दगडाबाई, करमाडची. तुमचे सतरा गिऱ्हाइकं हायेत माझ्याकडं. फोन मलाच येऊ लागले. सिल्लोडच्या एकीनं पत्ता वाचून दाखविला, तवा आले."

अख्तरीबींनी एक न कापलेलं लेबल शोधलं. छापलेला आकडा सात होता.

"या अल्ला! आता सोताचा नंबर सोताला कोण लावतंय? पण बाई, तुमी राँग नंबर म्हणायचं ना!"

"पहिलीला म्हनले. दुसरीनं इचारलं, 'मावशी, बऱ्या आहात ना?' दोन सालात कुनी इचारलं नव्हतं. मंग मीच म्हनलं, लई चांगलं लोणचं हाय, किती पाठवू?"

चहा झाला. दुसराही झाला.

"आता पुढच्या बरण्यांवर सात लिहिते," अख्तरीबी म्हणाल्या.

दगडाबाईंचा कप हातातच राहिला. "व्हय. सातच लिवा." सतरा नावं उतरवून देऊन, पानामागं खरा नंबर लिहून घेऊन त्या बसला निघून गेल्या.

दिवेलागणीला फोन वाजला.

"पोचले, बाई. तुमी जेवल्या का?"

फोन ठेवेपर्यंत डाळ करपली. मग अख्तरीबींनी नवी बरणी पुढ्यात घेतली, लेबलाचं टोक कापलं आणि सावकाश, सुबक नऊ काढला.