काही लागलं तर हक्काने सांगा

माणुसकीला फार जागा लागत नाही. ती पाच शब्दांत मावते. "काही लागलं तर हक्काने सांगा" हे पाच शब्द ज्या इमारतीत जिन्यात, लिफ्टमध्ये आणि कचऱ्याच्या डब्याशी वेळच्या वेळी उच्चारले जातात, तिथले लोक सुखाने झोपतात. या बाबतीत आमची इमारत आदर्श आहे, हे मी जराही अहंकार न ठेवता नमूद करते. चोवीस बिऱ्हाडं, एक लिफ्ट (चालते), एक कमिटी (तीही चालते, फक्त सावकाश).

दोन महिन्यांपूर्वी चौथ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर, एक बाई राहायला आल्या. सोबत सात वर्षांची मुलगी, अकरा खोकी आणि एक लोखंडी कपाट. बाई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतात, म्हणून इमारतीने त्यांचं नाव लगेच "रक्तवाल्या ताई" ठेवलं. नवी नोकरी, नवं शहर, आणि घरात तिसरं माणूस नाही. (का नाही, हे आम्ही त्यांना विचारलं नाही. आम्ही सभ्य माणसं आहोत. आम्ही पेपरवाल्याला विचारलं.)

पहिल्या नऊ दिवसांत वरील वाक्य त्यांना एकेचाळीस वेळा ऐकवण्यात आलं. हा आकडा माझा नव्हे, त्यांच्या मुलीचा. तिला शाळेतून मोजून तक्ता करायचा गृहपाठ होता; बाकीच्या मुलांनी झाडं आणि मोटारी मोजल्या. तिच्या तक्त्यानुसार लिफ्टमध्ये अठरा, जिन्यात तेरा, दारात उभं राहून नऊ आणि कपाट चढवताना एक. हे शेवटचं सेक्रेटरींचं. कपाट लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा एक टोक हमालाकडे आणि दुसरं ताईंकडे होतं. सेक्रेटरी वळणावर भिंतीला चिकटून उभे राहिले, कपाटाला वाट दिली आणि ते पुढे गेल्यावर मोठ्या मनाने ते वाक्य बोलले.

वाक्य दिसायला सोपं असलं तरी त्याचे नियम आहेत. ऐकणाऱ्याने "हो हो, नक्की" म्हणायचं. म्हणणाऱ्याने मान हलवून पायरी उतरायची. (सरावलेली मंडळी "हक्काने" या शब्दालाच उतरायला लागतात.) मग दोघांनाही दिवसभर बरं वाटतं. वर्षानुवर्षं हा व्यवहार सुरळीत चालू होता. यात खरोखरच काही सांगायचं नसतं, हे कुणी कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

दहाव्या दिवशी रक्तवाल्या ताईंनी सांगितलं.

रविवारची कमिटीची बैठक होती. पाण्याच्या टाकीचं झाकण आणि वाहनतळाचे पिवळे पट्टे, हे दोन विषय. ताई हातात एक फॉर्म घेऊन आल्या, उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी म्हटलं होतं, म्हणून आले. मला फक्त एक नाव हवंय."

प्रकरण असं. शाळा सुटल्यावर मुलगी पाळणाघरात बसणार. पाळणाघर सहाला बंद होतं. फॉर्मवर दोन रकाने: पहिला पालकाचा, दुसरा, पालकाला उशीर झाला तर मुलीला आणायला येईल अशा, जवळ राहणाऱ्या एका मोठ्या माणसाचा. नाव, फोन, सही. दुसरा रकाना रिकामा असेल तर प्रवेश नाही. फॉर्म शुक्रवारी द्यायचा, सोमवारपासून ताईंची ड्यूटी. पाळणाघर नाही तर ड्यूटी नाही, आणि पहिले सहा महिने एक दिवसाचीही रजा नाही.

तळमजल्यावरच्या वहिनींनी काळजीने विचारलं, की मग तसंच झालं तर काय करणार?

"खोकी अजून फेकली नाहीत," ताई म्हणाल्या.

पाळणाघर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. गरज महिन्यातून फार तर एकदा पडेल, असा ताईंचा हिशोब होता. त्यावर सभेने टाकीचं झाकण पुढच्या बैठकीवर ढकललं आणि सगळे चपला शोधू लागले.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: नाही असं कुणीही म्हणालं नाही. आमच्याकडे ती पद्धतच नाही. पुढील चार दिवसांत ताईंना मिळालेली उत्तरं मी इमारतीच्या गौरवासाठी नोंदवून ठेवली आहेत.

दातांचे डॉक्टर म्हणाले, केव्हाही केलं असतं, पण सही म्हटली की त्यांचा हात थरथरतो. (दात काढताना थरथरत नाही, हे त्यांच्या साधनेचं फळ.) दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने एकमेकांना विचारून सांगतो म्हटलं, ते अजून विचारताहेत. जिमला जाणाऱ्या भाऊंना मुलांची भीती वाटते. तळमजल्यावरच्या वहिनींनी चार डबे रिकामे करून दिले, सामान भरायला उपयोगी पडतील म्हणून. सेक्रेटरींचं उत्तर तात्त्विक होतं. ते म्हणाले, "ताई, नाव द्यायचं म्हणजे ओळख हवी. निदान सहा महिन्यांची." म्हणजे नव्या शहरात येणाऱ्या माणसाने आधी सहा महिने येऊन राहावं, ओळखी कराव्यात, आणि मग स्थलांतर करावं. विचार केला तर यात चूक काहीच नाही.

सही मिळाली नाही तरी सल्ल्याच्या बाबतीत आम्ही हात आखडता घेतला नाही. एकूण सतरा सल्ले दिले. त्यांत आईला बोलावून घ्या (पाच), पुन्हा संसाराचा विचार करा (चार), रात्रपाळी मागून घ्या (तीन), मुलीला लवकर मोठं करा (एक, जिमवाले भाऊ), आणि बाकीचे चार "धीर सोडू नका" या स्वरूपाचे.

शेवटच्या उत्तराबद्दल मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, कारण ते माझं आहे.

गुरुवारी ताई माझ्या दारात आल्या. मुलगी मागे होती. माझा संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा मौन धरून जपाचा नेम आहे. एकवीस वर्षांत खंड नाही. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी डॉक्टरांना वेळ बदलायला लावली होती. हे सगळं मी त्यांना शांतपणे समजावलं.

"काकू, महिन्यातून एखादा दिवस," त्या म्हणाल्या. "तोही कदाचित येणार नाही."

"अगं, माझ्या हातात असतं तर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. हातात माळ होती.

मला त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नव्हतं. म्हणून मी जागच्या जागी संकल्प सोडला, की तुला कधी उशीर होऊ नये म्हणून मी रोज एक माळ जास्त जपेन. ताईंनी मान डोलावली. मुलगी मात्र बराच वेळ माझ्या देव्हाऱ्याकडे बघत होती.

"आजी, देव पण नुसतं ‘हक्काने सांगा’ असंच म्हणतो का?" तिने विचारलं.

ताईंनी तिला दटावलं. मी हसले. लहान मुलांना उत्तर द्यायची घाई करू नये.

शुक्रवारी त्या कोरा रकाना घेऊन पाळणाघरात गेल्या. तिथे दाराशी बस आगारातला एक मेकॅनिक उभा होता. दोन जुळ्या मुली, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, महिन्यापूर्वीच या शहरात आलेला, आणि हातात तसाच फॉर्म. दोघांनी एकमेकांचे रिकामे रकाने पाहिले. ताईंनी नंतर मला सांगितलं, की त्याने पेन मागितलं, एवढंच. अकरा मिनिटांच्या ओळखीवर दोघांनी एकमेकांच्या फॉर्मवर सह्या केल्या. सेक्रेटरींच्या नियमात हे बसत नाही. मेकॅनिकला नियम ठाऊक नसावा.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडलं आणि ताईंना उशीर झाला. (त्या दिवशी जपात माझं लक्ष थोडं विचलित झालं असावं.) सव्वासहाला ग्रीस लागलेल्या शर्टातला एक माणूस तीन मुलींना घेऊन आमचा जिना चढताना दिसला. इमारतीने तत्परतेने दखल घेतली. हा कोण, कुठला, आणि याला चावी कुणी दिली, याची चौकशी पाऊण तासात पाच बिऱ्हाडांनी केली. त्यातली तीन अशी, की ज्यांना संध्याकाळी सहाला घराबाहेर पडणं तब्येतीमुळे जमत नव्हतं.

रविवारी विशेष बैठक झाली. टाकीचा विषय पुन्हा पुढे ढकलला गेला. ठराव एकमताने संमत झाला: तेवीस बिऱ्हाडं शेजारी असताना ताईंनी परक्या माणसाची मदत घ्यावी, याचं इमारतीला मनापासून दुःख झालं आहे. मीही हात वर केला. ताईंनी ठराव वाचला, सूचनाफलकावर लावायला टाचणी दिली आणि, त्या दिवशी मेकॅनिकची ड्यूटी असल्याने, तीन मुलींना घेऊन वर गेल्या. खोकी त्यांनी त्याच आठवड्यात रद्दीवाल्याला दिली.

आपण वाचक सुज्ञ आहात आणि आमच्यासारखे नाही, हे मी धरूनच चालले आहे. एव्हाना तुम्हाला सेक्रेटरींचा आणि माझा थोडा राग आला असेल. तेव्हा एक सोपी मोजणी करून बघा. स्वतःची मुलं, भाचरं, पुतणे सोडून, इतर कुणाकुणाच्या मुलाच्या फॉर्मवर दुसऱ्या रकान्यात तुमचं नाव आहे? बोटांवर मोजा. मूठ उघडावी लागली, तर मला जरूर कळवा.