उताऱ्यातली कुंदा

भामरे सर लग्नपत्रिकासुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचत. वाचून झाली की पत्रिका घेऊन आलेल्या गृहस्थाला समोर बसवीत, पाणी देत आणि पाच प्रश्न विचारीत. "वधूच्या धाकट्या मामांचे नाव काय? मुहूर्त आणि भोजन यांत किती अंतर आहे? 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असे चिंटू म्हणतो; चिंटूचे वय पत्रिकेवरून सांगता येईल काय?" आमच्या सोसायटीतील एका वधुपित्याला स्वतःच्या मुलीच्या पत्रिकेत पाचांपैकी दोनच गुण मिळाले होते. त्यांनी पुढच्या मुलीच्या वेळी पत्रिका सरांच्या दारातून आत सरकवली आणि जिना उतरून पळ काढला.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मी नांदगावच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो आणि नाशकात गंगापूर रोडला बिऱ्हाड केले. माझी आणि भामरे सरांची एक भिंत समाईक होती. सर मुलींच्या शाळेत मराठी शिकवीत. वार्षिक परीक्षेला येणारा न वाचलेला उतारा आणि त्याखालचे पाच प्रश्न हे त्यांचे खास खाते. इतर शिक्षक असा उतारा एखाद्या पुस्तकातून उचलत. सर तो स्वतः रचीत, स्वतः स्टेन्सिलवर कोरीत आणि सायक्लोस्टाइलचे रूळ स्वतः फिरवीत. मार्च महिन्यात त्यांची नखे काळी असत. विषय मात्र ठरलेले: कला, वाङ्मय आणि यंत्रांचा इतिहास.

ते मूळचे बागलाणातील नामपूरचे. वर्गात त्यांचे मराठी धुतलेल्या पाटीसारखे स्वच्छ असे. परंतु एक वाक्य त्यांना नामपूरच्याच बोलीत म्हणावे लागे. "उताऱ्यात शे का?" आहे का म्हणण्याऐवजी शे का. उत्तर उताऱ्यातच सापडले पाहिजे, बाहेरून आणलेले चालणार नाही, हा त्यांचा एकमेव कायदा. भाजीवाला म्हणाला, "सर, मेथी लय ताजी हाय," की सर जुडी उलटीपालटी करून म्हणत, "ताजी हे जुडीत दिसत नाही, बाबा. उताऱ्यात शे का?"

मी सोसायटीचा चिटणीस झाल्यावर फळ्यावर पहिली सूचना लिहिली: 'उद्या सकाळी पाणी येणार नाही, याची सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.' दुपारी पाहतो तो खाली खडूने लिहिलेले: 'प्र. १. पाणी केव्हा येणार नाही? प्र. २. मग केव्हा येणार आहे? (उताऱ्यात नाही.) प्र. ३. नोंद घेतल्याने पाणी येईल काय?' मी सरांना लेखी समज दिली. त्यांनी ती माझ्यासमोरच दोनदा वाचली आणि म्हणाले, "तात्या, भाषा बांधीव आहे. पण माणूस कुठे दिसत नाही."

खरे वितुष्ट पुढे आले. माझी नात मंजिरी पाचवीत होती. त्या वर्षीचा उतारा रेडिओच्या इतिहासावर होता. बिनतारी संदेशाचा शोध, मग ध्वनिक्षेपण, आणि अखेरीस हा परिच्छेद: 'मार्गशीर्षातील सकाळ होती. बातम्या सांगणाऱ्या बाईंचा आवाज बसला होता. आठ वर्षांच्या कुंदाने आपला मफलर काढून रेडिओला गुंडाळला.' प्रश्न: कुंदाने रेडिओला मफलर का गुंडाळला? मंजिरीने लिहिले, 'थंडी होती म्हणून.' सरांनी शून्य दिले.

मी प्रथम तोंडी दाद मागितली.

"सर, मार्गशीर्षात थंडी असते."

"असते. पण बाईंचा घसा उताऱ्यात आहे. थंडी उताऱ्यात शे का?"

"हा परिस्थितीजन्य पुरावा आहे. न्यायालय अशा गोष्टींची आपसूक दखल घेते."

"न्यायालयाला मफलर नसतो, तात्या," सर म्हणाले आणि दार हळूच लावून घेतले.

मी त्याच दिवशी चार पानी पत्र लिहून रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, शेजारच्या दारी रवाना केले. पोस्टमन घामाघूम होऊन जिना चढला आणि दोन्ही दारांवरची नावे पाहून मला म्हणाला, "आजोबा, भिंतीवर थाप मारली असती तरी पोचलं असतं की! येवढी मेहनत कशापायी?" मी त्याला सांगितले, थापेची पोचपावती मिळत नाही.

चौथ्या दिवशी माझेच पत्र परत आले. सरांनी त्याची सुवाच्य नक्कल करून त्याखाली पाच प्रश्न घातले होते.

'प्र. १. पत्रलेखक किती गुणांसाठी भांडत आहे? प्र. २. पत्रलेखकाने "सबब" हा शब्द नऊ वेळा वापरला आहे. त्याचा दहाव्यांदा उपयोग करून दाखवा. प्र. ३. पत्रलेखक कोणत्या वाक्यात हसला आहे? (नसल्यास तसे लिहा.) प्र. ४. पत्रलेखकाच्या नातीचे नाव काय? प्र. ५. उताऱ्यास योग्य शीर्षक द्या.'

मी संतापाने पाने उलटीत चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो. चार पानांत 'उपरोक्त विद्यार्थिनी' सहा वेळा होती, 'माझी नात' तीन वेळा. मंजिरी कोठेही नव्हती.

सुज्ञ माणूस येथे थांबला असता. मी मात्र मागील प्रश्नपत्रिका जमवायला लागलो. सोसायटीतील मुलींकडून पाच वर्षांचे पाच उतारे मिळाले. कोर्टातील कागद वाचावेत तसे मी ते वाचले: ओळीला क्रमांक देऊन, समासात खुणा करून. दर उताऱ्यात अर्धा इतिहास होता आणि अर्धी कुंदा. ग्रामोफोनच्या उताऱ्यात, पेटीतल्या गाणाऱ्या माणसाला भूक लागली असेल म्हणून चार वर्षांच्या कुंदाने भोंग्यात बेसनाचा लाडू टाकला. मुद्रणकलेच्या उताऱ्यात पाच वर्षांच्या कुंदाला खिळ्यांवरची उलटी अक्षरे आरशाविना वाचता आली. छायाचित्रणाच्या उताऱ्यात सहा वर्षांची कुंदा, फोटो हलू नये म्हणून, फोटोग्राफर निघून गेल्यावरही श्वास रोखून उभी होती. सातव्या वर्षी ती नाटकाचा रंगवलेला पडदा पाहायला गेली आणि पडद्यावरच्या नदीत पाय बुडवायला धावली. आणि आठव्या वर्षी मफलर.

मी शाळेच्या संस्थेकडे अकरा मुद्द्यांची तक्रार दाखल केली. त्यातला नववा मुद्दा शब्दशः असा: 'सदर उताऱ्यांतील कुंदा नामक मुलगी दरवर्षी बरोबर एका वर्षाने मोठी होते. यात कोणतेही शैक्षणिक प्रयोजन दिसून येत नाही.'

चौकशी मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत झाली. संस्थेचे दोन सभासद होते, तक्रारदार म्हणून मी होतो. सर इस्त्रीचा सदरा घालून आले आणि खुर्चीच्या काठावर बसले.

"सर, ही कुंदा कोण?" एका सभासदांनी विचारले.

"उताऱ्यात आहे तेवढी, साहेब."

"म्हणजे कोणत्या पुस्तकातून घेतलीत?"

"पुस्तकातून नाही."

"मग बनावट आहे, हाच माझा मुद्दा आहे," मी म्हणालो.

सर प्रथमच माझ्याकडे वळले. "तात्या, बाकी अकराच्या अकरा मुद्दे मान्य आहेत. तो शब्द तेवढा मागे घ्या."

"कारण सांगा, घेतो."

त्यांनी आपली काळी नखे मुठीत मिटली. कारण त्यांनी सांगितले नाही. शब्द मी मागे घेतला नाही. यापुढे उतारा छापील पुस्तकातूनच घ्यावा आणि तो भामरे सरांनी काढू नये, असा ठराव झाला.

परत येताना मी रविवार कारंजावरून पाव किलो पेढे घेतले. घरी आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडत होत्या. मी पेढा त्यांच्यापुढे ठेवला आणि तक्रारीची स्थळप्रत मोठ्याने वाचू लागलो. नवव्या मुद्द्याला त्यांचा हात सुपात थांबला.

"परत वाचा."

मी परत वाचला.

"अहो, कुंदा त्यांची मुलगी. उशिरा झालेली, एकुलती. नामपूरला असताना घटसर्पानं गेली. चार वर्षांची होती. ते लाडवाचं तेवढं खरं आहे. पुढचं सगळं त्यांनी लिहिलं."

"तुला कोणी सांगितले?"

"भामरेवहिनींनी. इथे आलो त्या पहिल्याच हळदीकुंकवाला."

"मग मला का नाही सांगितलेस?"

"तुम्ही कधी विचारलंत? शेजारी कोण राहतं, हे तुम्ही दारावरच्या पाटीवरून वाचलंत." त्या तांदळातला खडा शोधत राहिल्या. "दरवर्षी एका वर्षानं मोठी होते. तुम्ही स्वतः लिहिलंत. लिहिताना हात नाही हो थांबला?"

पेढा तसाच राहिला. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या.

चौतीस वर्षे मी लोकांच्या जबान्या वाचल्या. कोणता शब्द कोणत्या ओळीत आहे, हे मी झोपेतून उठवले तरी सांगत असे. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच हस्ताक्षरात, क्रमांक घालून लिहिलेले होते, आणि मी खाली 'प्रयोजन दिसून येत नाही' अशी सही ठोकली होती. परीक्षेला बसलेल्या पाचवीतल्या मुलीने याहून बरे वाचले असते.

मी संस्थेकडे तक्रार मागे घेत असल्याचे पत्र पाठवले. 'ठराव कायम आहे,' असे एका ओळीचे उत्तर आले. ती ओळ भाषेच्या दृष्टीने अगदी निर्दोष होती. माणूस कुठे दिसत नव्हता. सरांकडे जाण्याचे धैर्य मला झाले नाही. जिन्यात पावले ऐकू आली की मी कुलपाशी खटपट करीत पाठमोरा उभा राही. ते "तात्या" म्हणून पुढे जात. लग्नपत्रिका आता त्यांच्या हातात दिल्या जात. ते त्या मुकाट्याने वाचून खुंटीला लावीत. फळ्यावर मी सूचना लिहिल्या, तर खाली जागा सोडून लिहिल्या. ती जागा रिकामीच राहिली.

असे वर्ष गेले. एप्रिलात मंजिरी सहावीची परीक्षा देऊन आली.

"आजोबा, या वर्षीचा उतारा तारायंत्रावर होता."

"बरा होता?"

"सोपा होता. पण कुंदा आलीच नाही. सगळ्या मुली शेवटपर्यंत शोधत होत्या. ती आता कुठे असेल, आजोबा?"

'उताऱ्यात नाही' असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले.

त्या आठवड्यात मी आयुष्यातील सर्वांत अवघड मसुदा हाती घेतला; तो पुरा व्हायला पुढचा एप्रिल उजाडला. विषय टंकयंत्राचा इतिहास. पूर्वार्ध ठीक जमला. ते यंत्र मी बडवलेले होते. मग एका जुन्या कचेरीत एक मुलगी आली. टंकयंत्राच्या कळांपर्यंत हात पोचावा म्हणून तिने खुर्चीवर तीन जाडजूड रजिस्टरे रचली आणि त्यांवर चढून बसली. म्हातारा कारकून रागावण्यासाठी उठला. परंतु त्याने आधी तिला तिचे नाव विचारले. ते तिने एका बोटाने छापून दाखवले. मागच्या उताऱ्यात ती आठ वर्षांची होती, म्हणून मी लिहिले: 'कुंदा, वय वर्षे नऊ.' खाली पाच प्रश्न घातले. चौथा असा: कारकुनाने पूर्वी वापरलेला कोणता शब्द तो आता मागे घेत आहे? (उताऱ्यात नाही. तरी उत्तर ग्राह्य धरावे.)

तो कागद मी पोस्टात टाकला नाही. चार पावले चालून गेलो. दार भामरेवहिनींनी उघडले. मी कागद त्यांच्या हातात दिला. मग चार पावले परत आलो.

चौथ्या दिवशी आमच्या सौभाग्यवती शेजारून लाडवांची वाटी आणि तो कागद घेऊन आल्या. कागद लाल शाईने भरलेला होता. दोन 'सबब' खोडले होते. एका सात ओळींच्या वाक्याचे तीन तुकडे केले होते. 'रागावण्यासाठी उठला' याच्या समासात लिहिले होते, 'बसलेलाच राहू द्या.' चौथ्या प्रश्नावर नुसती बरोबरची खूण होती, आणि शीर्षकाची जागा मोकळी ठेवली होती.

मुख्य चूक वर होती. 'वय वर्षे नऊ' यातील 'नऊ' भोवती वर्तुळ काढून सरांनी शेजारी बारीक अक्षरात 'दहा' असे लिहिले होते. मधले एक वर्ष मी धरलेच नव्हते.